वाचकांचे प्रश्न : रॅपची यादी कशी बांधावी?

स्वतंत्रपणे आणि अंडरग्राउंड पातळीवर तयार होणाऱ्या हिप-हॉपच्या प्लेलिस्टविषयी या सदराकडे गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. काही पत्रे लांबीमुळे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून अंडरग्राउंड रॅपच्या याद्या तयार करते. एखादे गाणे लाखो लोकांनी ऐकले की ते अंडरग्राउंड राहत नाही, असे माझ्या मैत्रिणींचे म्हणणे आहे. काहींच्या मते कलाकाराने लेबलशी, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीशी, करार केला की विषय संपला. गाणी निवडताना नेमका कोणता निकष धरावा?
— एक विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : ‘अंडरग्राउंड’ आणि ‘इंडिपेंडंट’ हे शब्द आपण जोडीने उच्चारतो, त्यामुळे ते एकाच अर्थाचे वाटू लागतात. ते वेगळे ठेवले की तुमची अडचण बरीचशी सुटेल. इंडिपेंडंट हा मालकीचा प्रश्न आहे. मूळ ध्वनिमुद्रण, ज्याला या धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात, ते कोणाच्या नावावर आहे, पैसा कोणी घातला आणि गाणे कोणत्या रूपात बाहेर पडेल हे कोणी ठरवले, एवढे पाहिले की उत्तर मिळते. अंडरग्राउंड हा वावराचा प्रश्न आहे. गाणे कोणत्या खोलीत, कोणत्या गल्लीत, कोणत्या श्रोत्यांसमोर घडले आणि त्यातील बोली, संदर्भ व राग कोणाला उद्देशून आहे, हे त्यासाठी ऐकावे लागते.

या दोन गोष्टी नेहमी एकत्र येतात असे नाही. कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये टू शॉर्ट हा रॅपर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या कॅसेट हातोहात विकत असे; तेथे मालकी आणि वावर दोन्ही त्याचेच होते. याउलट न्यूयॉर्कच्या रॉकस या लेबलचे उदाहरण घ्या. १९९७ साली कंपनी फ्लो या गटाचा ‘फनक्रशर प्लस’ हा अल्बम याच लेबलने काढला आणि तो अंडरग्राउंड रॅपचा मानदंड ठरला. पण रॉकसला आर्थिक पाठबळ होते ते माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉक यांचे पुत्र जेम्स मर्डॉक यांचे. म्हणजे ध्वनी आणि भाषा तळघरातली, पैसा मात्र मोठ्या घरचा. असे असूनही तो अल्बम मी माझ्या यादीतून काढणार नाही, कारण त्यातील एकही ओळ कोणाला खूश करण्यासाठी लिहिलेली वाटत नाही.

ऐकणाऱ्यांच्या आकड्याला निकष करू नका. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ साली ‘आफत’ या गाण्याचे चित्रीकरण आयपॅडवर केले. ते पुढे असंख्य लोकांनी पाहिले म्हणून ते ज्या परिस्थितीत घडले ती बदलत नाही. यादीच्या वर्णनात तुमचा निकष एका वाक्यात लिहून ठेवा, उदाहरणार्थ ‘ज्यांचे मास्टर कलाकाराकडेच आहे अशी गाणी’, आणि मग तो निकष स्वतःवर कठोरपणे लावा.

प्रश्न : माझ्या यादीत १६० गाणी आहेत आणि त्यांपैकी प्रत्येक गाणे मला मनापासून आवडते. तरीही ज्यांना ती पाठवली, त्यांनी चार-पाच गाण्यांनंतर ऐकणे सोडले. क्रमात काही चुकत असेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : क्रमाबरोबर लांबीही चुकते आहे. १६० गाणी म्हणजे साधारण आठ-नऊ तासांचे ऐकणे होते. हा तुमचा संग्रह आहे. तो तसाच जपा आणि त्यातून दुसऱ्यासाठी वेगळी यादी काढा.

नव्वदच्या दशकात मी मित्रांसाठी कॅसेट भरत असे. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. शेवटचे गाणे मध्येच तुटू नये म्हणून वहीत प्रत्येक गाण्याची मिनिटे आणि सेकंद लिहून बेरीज करावी लागे, आणि ती बेरीज जुळावी म्हणून एखादे लाडके गाणे सोडून द्यावे लागे. त्या सोडून देण्यातच निवड शिकलो, असे मला आज वाटते. आता फीत संपत नाही म्हणून ती मर्यादा आपणच घालून घ्यायची. १२ ते १५ गाणी आणि ४५ मिनिटे एवढ्यावर तुमची पहिली यादी थांबवून पाहा.

आता क्रमाविषयी. रॅप ऐकताना कान शब्दांच्या मागे धावत असतो, आणि दाट यमकांची तीन गाणी एकापाठोपाठ आली की तो थकतो. गाणे वाईट नसते, पण ऐकणाऱ्याची दमछाक झालेली असते. अशा ठिकाणी बोल नसलेला एखादा बीट ठेवावा. डेट्रॉइटचा प्रोड्युसर, म्हणजे गाण्याचे बीट घडवणारा, जे डिला याचा ‘डोनट्स’ हा अल्बम या कामासाठी मी पुन्हा पुन्हा उघडतो. तो ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी प्रसिद्ध झाला आणि तीनच दिवसांनी तो हे जग सोडून गेला. त्यात ३१ तुकडे आहेत, बहुतेक दोन मिनिटांच्या आतले. पहिल्या तुकड्याला ‘आउट्रो’ म्हटले आहे, ‘वेलकम टू द शो’ हा स्वागताचा तुकडा सर्वांत शेवटी येतो, आणि अल्बमचा शेवट त्याच्या आरंभाला जाऊन मिळतो. क्रम हीसुद्धा रचना असते, हे मला त्या अल्बमने जितके स्पष्ट दाखवले तितके दुसऱ्या कशानेही दाखवले नाही.

वेग जुळवताना केवळ आकड्यांवर विसंबू नका. जुन्या न्यूयॉर्क धाटणीचे बूम-बॅप मिनिटाला ९० ठोक्यांच्या आसपास चालते, तर ट्रॅप या नंतरच्या शैलीचा आकडा १४० दिसतो. पण ट्रॅपमधील स्नेअर, म्हणजे ड्रमचा कडक ठोका, अर्ध्या लयीत पडत असल्यामुळे मान डोलते ती ७०च्या हिशेबाने. म्हणजे कागदावर दुप्पट वेगाचे वाटणारे गाणे प्रत्यक्षात यादी संथ करते.

सांधे तपासण्याची माझी रीत साधी आहे. एका गाण्याची शेवटची २० सेकंदे आणि पुढच्याची पहिली २० सेकंदे, एवढेच लागोपाठ ऐकायचे. पहिले गाणे ढोल थांबवून नुसत्या आवाजावर संपत असेल आणि दुसरे थेट बासने उघडत असेल, तर तो सांधा बहुधा बसतो. दोन्हीकडे चित्रपटातील संवादाचे तुकडे असतील तर ऐकणाऱ्याला आपण कोठे आहोत हेच कळत नाही. त्यांपैकी एक हलवा. असे करताना एकदा मला तीन तास लागले आणि यादीत शेवटी फक्त दोन गाण्यांची अदलाबदल झाली, पण त्या अदलाबदलीने सारी मधली बाजू उभी राहिली.

सर्वांत प्रसिद्ध गाणे पहिल्या क्रमांकावर ठेवण्याचा मोह बहुतेकांना होतो. ते तिसरे ठेवा. पहिल्या दोन अनोळखी गाण्यांनंतर ओळखीचे काही आले की ऐकणाऱ्याचा तुमच्यावर विश्वास बसतो, आणि त्या विश्वासाच्या जोरावर पुढची सात-आठ अनोळखी गाणी त्याला ऐकवता येतात.

प्रश्न : ॲप मला पुन्हा पुन्हा तीच पंचवीस नावे सुचवते. नवी गाणी नेमकी शोधायची कोठे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ॲपची सूचना तुम्ही कालपर्यंत काय ऐकले यावर बेतलेली असते, त्यामुळे ती तुम्हाला त्याच अंगणात फिरवते. बाहेर पडायचे असेल तर गायकाचे नाव सोडून प्रोड्युसरचे नाव धरा. उदाहरण आपल्या जवळचेच घेऊ. २०१५ साली मुंबईचे रॅपर डिव्हाइन आणि नेझी यांचे ‘मेरे गली में’ आले, त्याचा बीट सेझ ऑन द बीट याचा होता. हे नाव घेऊन पुढे गेलात तर २०१७ साली दिल्लीच्या टिळकनगरमधील प्रभ दीपच्या ‘क्लास-सिख’ या पंजाबी अल्बमपाशी पोहोचाल, आणि २०१८ साली दिल्लीच्याच सीधे मौत या जोडीच्या ‘बयान’पाशी. हे दोन्ही अल्बम २०१७ मध्ये स्थापन झालेल्या आझादी रेकॉर्ड्सने काढले. मग त्या लेबलचे पान उघडले की श्रीनगरचा रॅपर अहमर भेटतो, ज्याच्या आवाजात काश्मीरमधील बालपणाची घुसमट कोणत्याही बातमीपेक्षा जवळून ऐकू येते. मुंबईच्या एका गल्लीतून निघून चार पावलांत श्रीनगर, आणि वाटेत एकही सूचना ॲपची नाही.

बँडकॅम्प या संकेतस्थळाची सवय लावून घ्या, असे मी आग्रहाने सुचवेन. तेथे शहराचे नाव आणि शैली टाकून शोधता येते, श्रेयनामावली बहुधा पूर्ण दिलेली असते, आणि विकत घेतलेल्या डिजिटल अल्बमच्या किमतीतून संकेतस्थळ साधारण १५ टक्के घेते, बाकीची रक्कम व्यवहारखर्च वजा जाता कलाकाराकडे किंवा त्याच्या लेबलकडे जाते. मार्च २०२० पासून ठरावीक शुक्रवारी ते आपला हिस्साही सोडून देतात. खरेदी त्या दिवसासाठी राखून ठेवणारे श्रोते जगभर आहेत.

जुन्या काळासाठी रेडिओच्या ध्वनिफिती ऐका. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या केंद्रावर १९९० ते १९९८ या काळात स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबिटो हे दोघे गुरुवारी रात्री उशिरा, एकपासून पहाटे पाचपर्यंत, कार्यक्रम करीत. नास, बिगी, जे-झी यांसारखी मंडळी करारबद्ध होण्यापूर्वी तेथे येऊन रॅप करून गेली. श्रोते जागून ते कॅसेटवर भरत आणि शाळेत, गल्लीत फिरवत. यादी करणाऱ्याचे काम काय असते हे पाहायचे असेल तर हे दोघे पाहावेत, कारण त्यांनी नाव झालेल्यांना वाजवण्यापेक्षा दारात उभ्या असलेल्या पोराला माईक दिला. याच बॉबिटोच्या छोट्या लेबलने १९९९ साली एमएफ डूम या रॅपरचा पहिला एकल अल्बम ‘ऑपरेशन : डूम्सडे’ काढला.

एक गोष्ट ध्यानात असू द्या की, स्ट्रीमिंगवर सर्व काही नसते. डे ला सोल या गटाचे १९८९ पासूनचे सुरुवातीचे गाजलेले अल्बम, त्यांतील सँपलचे, म्हणजे इतर ध्वनिमुद्रणांतून उचललेल्या तुकड्यांचे, हक्क आणि जुन्या करारांतील शब्दरचना यांच्या गुंत्यामुळे, स्ट्रीमिंगवर आले ते थेट ३ मार्च २०२३ रोजी. त्या गटातील ट्रूगॉय त्याआधी तीनच आठवड्यांपूर्वी वारला होता. ह्यूस्टनच्या डीजे स्क्रूने गाणी मंद वेगात फिरवून भरलेली शेकडो मिश्रणे तर मुळात कॅसेटवरच फिरली. तुमच्या यादीत जे नाही, त्यातले काही तुम्ही वगळलेले नसते, ते स्ट्रीमिंगवर पोहोचलेलेच नसते. त्यासाठी यादीच्या वर्णनात दोन ओळी राखाव्यात.

प्रश्न : मी स्वतः रॅप करतो. एका प्लेलिस्टवाल्याने पाच हजार रुपये मागितले आणि महिन्याभरात वीस हजार स्ट्रीम्सची हमी दिली. गाणे पोहोचवण्यासाठी एवढा खर्च करावा का?
— एक रॅपर, डोंबिवली

उत्तर : करू नका. हमी कोणत्याही माणसाच्या कानाची देता येत नाही. ती फक्त यंत्राने वाजवलेल्या गाण्याची देता येते. स्पॉटिफायच्या नियमांत पैसे घेऊन यादीत जागा देणे निषिद्ध आहे, आणि बनावट स्ट्रीम्स सापडल्यास ते आकडे वगळले जातात, गाणे खाली उतरू शकते, शिवाय ज्या डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणी स्ट्रीमिंगवर पोहोचवणाऱ्या सेवेमार्फत, तुम्ही गाणे टाकले त्याला दंड लागून तो तुमच्यापर्यंत येऊ शकतो. म्हणजे पाच हजार जातील, आणि वर वर्षभराची मेहनत धोक्यात पडेल.

हिशेबही समजून घ्या. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्यावर एक स्ट्रीम मोजला जातो, आणि २०२४ पासून मागील १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम्स झाल्याशिवाय त्या गाण्यावर मोबदला सुरू होत नाही. हा नियम लहान कलाकारांवर अन्याय करणारा आहे असे माझे स्पष्ट मत आहे; परंतु तो आहे हे धरूनच वाट काढावी लागेल. गाणे प्रसिद्ध होण्याच्या किमान सात दिवस आधी, शक्यतो तीन-चार आठवडे आधी, कलाकारांसाठीच्या खात्यातून ते तेथील संपादकांकडे विचारार्थ पाठवता येते; यासाठी एक पैसाही लागत नाही.

स्वतंत्र यादी करणाऱ्यांना पत्र लिहिताना त्यांची यादी आधी ऐका आणि तुमचे गाणे कोणत्या दोन गाण्यांच्या मध्ये बसेल ते लिहा. मला दर आठवड्याला अनेक दुवे येतात. त्यांत ‘भाऊ, माझे गाणे घाला’ एवढेच लिहिलेली पत्रे मीही उघडतो, पण ज्याने माझ्या यादीतील सहाव्या गाण्यानंतरचा रिकामा कोपरा हेरून लिहिले, त्याचे गाणे मी त्याच संध्याकाळी दोनदा ऐकले.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमची पंधरा वर्षांची मुलगी अमेरिकन रॅप भरपूर ऐकते, पण मराठी रॅप असतो हे तिला ठाऊक नाही. तिच्यासाठी यादी करावी म्हणते. शाहिरी आणि पोवाड्यापासून सुरुवात केली तर चालेल का? आणि शिव्यांचे काय करावे?
— एक आई, एडिसन

उत्तर : पोवाड्यापासून सुरुवात करू नका, अशी माझी विनंती आहे. डफ-तुणतुण्यावर घटना सांगणारा शाहीर आणि बीटवर आपली वस्ती सांगणारा रॅपर यांत नाते जाणवते हे खरे, आणि ते तिला पुढे अवश्य दाखवा. परंतु ‘रॅप मूळचा आपलाच’ असा सूर लागला तर ज्यांनी हा प्रकार घडवला त्यांच्यावर अन्याय होतो. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, जमैकातून आलेल्या कूल हर्कने आपल्या बहिणीच्या मेजवानीत रेकॉर्ड वाजवल्या, तेथून ही गोष्ट सांगितली जाते. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन गाण्यातील फक्त तालाचा तुकडा लांबवत नेण्याची युक्ती त्याची. तुमच्या घरापासून ती इमारत तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. लेकीला घेऊन एकदा तेथे जाऊन या.

मराठीसाठी मी अमरावतीच्या सौरभ अभ्यंकर याच्यापासून सुरुवात करीन. तो ‘100RBH’ या नावाने रॅप करतो. त्याच्या बोलण्यात वऱ्हाडी ठसका आहे, आणि प्रमाण मराठी शिकवणी वर्गात शिकलेल्या मुलीला आपली भाषा अशीही असते हे पहिल्या मिनिटात कळेल. त्यानंतर मुंबईच्या स्वदेसी या समूहाचे ‘द वारली रिव्होल्ट’ ठेवा. आरेच्या जंगलातील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज त्यात आहे, आणि जंगल तोडून उभ्या राहणाऱ्या शहराला वारली माणूस प्रश्न विचारतो तेव्हा त्या आवाजाला कोणत्याही सजावटीची गरज भासत नाही. याच समूहातील एमसी तोडफोड गुजरातीत रॅप करीत असे. मार्च २०२२ मध्ये वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी तो गेला. त्याचे एक गाणे यादीत असावे, भाषा गुजराती असली तरीही, कारण एकाच मंचावर मराठी, हिंदी, गुजराती असे सगळे एकमेकांच्या ओळी उचलत उभे राहतात हीच त्या मुंबईची ओळख आहे.

शिव्यांविषयी मी तुम्हाला नियम सांगणार नाही. फक्त स्वच्छ केलेली आवृत्ती देऊन गाण्याचा अर्थ निसटत असेल तर ती देऊ नका. ते गाणे आधी स्वतः ऐका आणि मग तिच्याशेजारी बसून ऐका. ती जे अमेरिकन रॅप आता ऐकते त्यात हे शब्द आहेतच, तेव्हा तिला धक्का बसण्याची शक्यता कमी. शिवी रागातून आली आहे की बाईला खाली पाडण्यासाठी, एवढा फरक तिने ओळखावा, आणि तो एकत्र ऐकतानाच उलगडून सांगता येतो.

प्रश्न : यादी किती दिवसांनी बदलावी? काढलेल्या गाण्यांचे काय करावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : महिन्यातून एकदा, आणि एका वेळी तीन गाण्यांपेक्षा जास्त नाही, त्याहून अधिक बदल केला की सांधे पुन्हा तपासावे लागतात. काढलेली गाणी वेगळ्या यादीत वर्षानुसार ठेवा. शिवाय प्रत्येक यादीची लेखी नोंद करा: गाण्याचे नाव, रॅपर, प्रोड्युसर, शहर, वर्ष आणि ते कोठे विकत मिळते. स्वतंत्र कलाकाराने डिस्ट्रिब्युटरचे वार्षिक शुल्क भरले नाही तर अनेकदा त्याची गाणी स्ट्रीमिंगवरून उतरवली जातात, आणि तुमच्या यादीत तेथे फक्त एक करडी ओळ उरते. माझ्या २०१९ सालच्या एका यादीत आज अशा चार ओळी आहेत. त्यांपैकी तीन गाणी वहीतील नोंदीमुळे पुन्हा शोधता आली. चौथ्या गाण्यापुढे मी त्या वेळी प्रोड्युसरचे नाव लिहिले नव्हते, आणि ते मला अजून सापडलेले नाही.